वन्संचा डावा डोळा

१९७१ साली मी एका औषधाच्या कारखान्यात कामगारांची नजर तपासायचं काम करत होते. तिथे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या भरल्या जात. भरलेली प्रत्येक कुपी तपासणीच्या खोलीतल्या बायका दिव्याखाली धरायच्या, गर्रकन फिरवायच्या आणि एकदा काळ्या, एकदा पांढऱ्या फळ्यापुढे बघायच्या. पांढरा तंतू काळ्यापुढे झटकन दिसतो, पांढऱ्यापुढे जवळजवळ दिसतच नाही. बुडबुडे वर जातात, काचेचा कण खाली बसतो. खोलीभर स्पिरिटचा वास आणि अखंड किणकिण. अजूनही दोन पेले एकमेकांना लागले की मला ती खोली आठवते.

तिथे सगळ्यांत तरबेज होत्या माझ्या नणंदबाई. मी त्यांना वन्सं म्हणते. नवऱ्याचं घर सोडून त्यांनी कारखान्यामागच्या गल्लीत एक खोली घेतली होती आणि तिची किल्ली त्या गळ्यात घालत. माझे यजमान त्यांचे थोरले भाऊ, ते आमच्याकडे राहायला बोलवायचे, तेव्हा त्या मला म्हणत, "वहिनी, दादाचं घर चांगलंच आहे गं. पण तिथलं दार माझं नाही."

त्या वर्षी मालाचा पट्टा जास्त वेगाने चालवायचं ठरलं आणि सगळ्यांची नजर तपासायचा हुकूम निघाला. माझी खोली कोठीएवढी. एक पेटी, तिच्यात बारीकसा दिवा, बसणारीच्या हाताशी बटण. दिवा लागला की घड्याळाचा काटा धावू लागे, बटण दाबलं की थांबे. दिव्यापुढे धुरकट काचा सरकवून मी उजेड उतरवत नेई. उजेड जितका मंद, तितकं डोळ्याला उशिरा दिसतं. तरणीताठी मुलगी असो की चष्मेवाली बाई, यात फरक पडलेला मी पाहिला नव्हता. बायका त्या खोलीला आंधळी कोशिंबीर म्हणत.

वन्संच्या डाव्या डोळ्यात मागे काचेचा कण उडाला होता. तेव्हापासून तो डोळा गढूळ होत चालला होता. हे फक्त मला ठाऊक होतं. कारखान्याच्या डॉक्टरांना कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरीमागोमाग ती किल्लीही.

म्हणून सुट्टीच्या दुपारी मी आधी त्यांच्या खोलीवरच परीक्षा घेतली. दोऱ्याला एक लोखंडी नट बांधला, खिडकीपुढे टांगला आणि डावीउजवीकडे झोका दिला. एक डोळा अंधूक असला की त्याला दिसलेलं मागून पोचतं, आणि सरळ झुलणारा नट गोल फिरल्यासारखा वाटतो.

"फिरतोय," वन्सं म्हणाल्या. "चांगला गरगर."

"उजवीकडे जाताना लांबून जातो ना?"

"छे. जवळून. नाकाला लागेल माझ्या."

"नीट बघा, वन्सं."

"नीटच बघतेय. डोळा माझा बिघडलाय, अक्कल नाही."

मी धुरकट काच माझ्या डाव्या डोळ्यावर धरली. नट उजवीकडे जाताना लांबून गेला. काच उजव्या डोळ्यावर नेली, तेव्हा कुठे तो त्यांना दिसत होता तसा फिरला. म्हणजे वन्संचा चांगला डोळाच मागे पडत होता. गढूळ डोळ्याला आधी दिसत होतं.

मी नट सोडवून पिशवीत टाकला. वन्संनी चहा केला. तो मला गरम लागला की गार, ते काही आठवत नाही.

तपासणीला डॉक्टर स्वतः आले, सोबत मोठे साहेब. वन्सं डावा डोळा मिटून कुप्या बघतात, अशी कुणीतरी चुगली केली होती. दारात बायकांची गर्दी. डॉक्टरांनी वन्संचा उजवा डोळा पुठ्ठ्याने झाकला.

"घाबरू नका हं, बाई."

"मी कशाला घाबरू? तुम्हीच घामाघूम झालाय."

भर उजेडात त्यांचा वेळ चारचौघींसारखाच आला. मी एक काच सरकवली. वेळ कमी झाला. दुसरी सरकवली, आणखी कमी.

"अंदाजाने दाबतायत," डॉक्टर म्हणाले.

मी शेवटची काच लावली. तिच्यातून मलाही दिवा जेमतेम दिसे. दिव्याच्या खटक्यावर बोट ठेवलं. दाबणार, इतक्यात त्यांचं बटण वाजलं.

काट्याने जागा सोडली नव्हती.

डॉक्टरांनी मला उठवलं. खटका स्वतःच्या हातात घेतला आणि बराच वेळ दिवा लावलाच नाही. वन्संही स्वस्थ बसून राहिल्या. मग डॉक्टरांनी एकाएकी बोट उचललं.

बोट खाली यायच्या आत बटण वाजलं.

"कुप्या आणा," साहेब म्हणाले.

पास झालेला एक ट्रे आला. दिवा मंद केला. वन्संनी डाव्या डोळ्याने भराभर कुप्या पाहिल्या आणि एक बाजूला काढली.

"मानेला चीर आहे."

डॉक्टरांनी ती काळ्या फळ्यापुढे धरली. मग पांढऱ्या. मग भर दिव्याखाली.

"अगदी स्वच्छ आहे," ते खुशीत म्हणाले. "सापडली चूक!" आणि साहेबांना दाखवायला वळले.

टक् असा आवाज झाला.

कुपीची मान त्यांच्या बोटांत राहिली. औषध मनगटावरून बाहीत उतरलं.



"सांगितलं होतं ना," वन्सं म्हणाल्या.

मग जो गलका झाला! बायकांनी ट्रे बडवले, एकीने तर शिट्टी मारली. साहेबांनी तिथल्या तिथे नव्या पट्ट्यावरची पहिली जागा वन्संच्या नावे केली. वन्संनी गळ्यातली किल्ली काढून कुपीसारखी गर्रकन फिरवली. "चल वहिनी, चहा माझ्याकडे. माझ्या दारातून आत ये." त्या गल्लीतून आम्ही दोघी राण्यांसारख्या गेलो.

डॉक्टर वर्षभरात नोकरी सोडून गेले. त्यांच्या दवाखान्यात म्हणे भर दुपारीही सगळे दिवे लागलेले असत. साहेब मोठ्या पदावर चढले आणि तो दिवस त्यांना आठवेनासा झाला. माझे यजमान गेले तेव्हा वन्संनीच मला घेऊन जाऊन आपल्या घरी ठेवलं. पहिल्या जागेवरूनच त्या निवृत्त झाल्या, स्वतःचं दोन खोल्यांचं घर केलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन मात्र त्यांनी करू दिलं नाही. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या तिथे भांडत सुखात राहतो.

गेल्या महिन्यात तिन्हीसांजेला वीज गेली. मी माझ्या खुर्चीत विणत बसले होते, वन्सं समोर. त्यांनी उजवा डोळा तळव्याने झाकला, जुनी सवय.

"वहिनी, कुठे गेलीस? खुर्ची रिकामी दिसतेय."

"ही काय, इथेच आहे."

त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. मग हळूच उजव्या डोळ्यावरचा हात काढला आणि माझा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरमनला बोलावून माझ्या खुर्चीवर मोठा दिवा लावून घेतला. वीज फुकट जाते म्हणून मी कुरकुरते. पण तो दिवा त्या मला दिवसाही विझवू देत नाहीत.