नसलेलं हमिंग

“शू...”

नंदकिशोर परब माझ्याशी बोलला तो हा पहिला शब्द. मी गिऱ्हाईक, पहिल्यांदा दुकानात आलेली, आणि हा माणूस मला गप करतोय! मान वर करून बघितलंसुद्धा नाही. एका उघड्या स्पीकरला कान लावून, डोळे मिटून बसला होता. मी तणतणत परत फिरले, पण दुकान इतकं चिंचोळं, की माझी पर्स स्क्रूच्या वाटीला लागली आणि सगळे स्क्रू जमिनीवर सांडले. मग काय, दोघंही खाली बसून वेचायला लागलो. काय बिघडलंय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, “तुमची बोलायची पद्धत.” तो हसला... आणि मी नक्की काय घ्यायला आले होते, तेच मला आठवेना.

साल पंच्याऐंशी. मी घाटकोपरला बँकेत कारकून होते, राहायला मुलुंडला. अंधेरीच्या एका कॅसेट कंपनीला भावगीतांसाठी नवा आवाज हवा होता. दोन गाणी रेकॉर्ड करून पाठवा, एवढंच त्यांचं म्हणणं. स्टुडिओचं भाडं ऐकून मी तो नादच सोडला. घरी मामाने दुबईहून आणलेला टू-इन-वन टेपरेकॉर्डर होता, त्यालाच माईक लावला. तर माझा आवाज शेजारच्या बिल्डिंगमधून यावा तसा! आवाज वाढवला की गाणं कमी आणि खरखर जास्त. बँकेतल्या सुलक्षणाचा भाऊ ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचा. तिने छातीठोकपणे सांगितलं, की उत्तरा, तुला प्रीअँप लागणार. तो खायचा असतो की प्यायचा, हे तिलाही माहीत नव्हतं. तिनेच या दुकानाचा पत्ता दिला.

“माईकमधून निघणारा आवाज अगदी बारीक असतो,” नंदकिशोर मला समजावत होता. “लाजऱ्या मुलीसारखा. टेपरेकॉर्डरपर्यंत पोचायच्या आधी त्याला थोडा हात द्यावा लागतो. ते काम प्रीअँपचं.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “म्हणजे... तुमच्यासारख्या मुलीसारखा नाही.”

“बरं झालं सांगितलंत.”

त्याने माझ्यापुढे तीन वस्तू मांडल्या. एक, ऑर्केस्ट्रावाल्यांचा जुना मिक्सर. सहा माईकांची सोय, माझा गळा एक, आणि किंमत माझ्या दोन पगारांची. दुसरा, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतो तसा तयार डबा. स्वस्त, पण भिंतीतल्या विजेवर चालणारा, आणि त्यात हमिंग येऊ शकतं म्हणाला. हमिंग म्हणजे काय, असं मी विचारलं, तर या गृहस्थाने ओठ मिटून “घूं...” असा आवाज काढून दाखवला. इतका मन लावून, की मला हसू आवरेना. तिसरा डबा त्याने स्वतः बनवलेला. दोन ट्रान्झिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी, भिंतीशी संबंधच नाही. एक बटण, एक लाल दिवा, बस्स.

मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी बावळटासारखी तिन्हींकडे बघत बसले. शेवटी तो म्हणाला, की माझा घेऊन जा, आठवडाभर वापरा, पटला तर पैसे द्या.

रविवारी दुपारी आईला देवळात पिटाळलं, खिडक्या लावून घेतल्या आणि गायले. टेप मागे घेऊन ऐकली, तर मी जागच्या जागी खिळले. माझा श्वाससुद्धा ऐकू येत होता. सूर कुठे किंचित कापतो, कुठे सुखावतो, सगळं. हमिंगचा मागमूस नाही. इतका सुंदर माझा आवाज मलाच ठाऊक नव्हता. मंगळवारी कॅसेट पोस्टात टाकली, एक कॉपी त्याला ऐकवायला ठेवली. काम झालं! आता शनिवारी पैसे द्यायचे आणि आभार मानायचे, की विषय संपला.

शनिवारी बँक अर्धा दिवस. दीड वाजता दुकानात गेले. पर्समध्ये पैसे मोजून ठेवलेले. तो म्हणाला, “काय, कसा वाटला?” त्याच्या कपाळावर सोल्डरिंगचा काळा डाग होता आणि चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल ऐकायला आल्याचा भाव. मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं, “बाकी छान आहे हो... पण हमिंग येतंय.”

का म्हणाले? देवाशप्पथ, तेव्हा मला कळलं नाही. इतकंच माहीत होतं, की पैसे दिले की परत यायला काही कारण उरणार नाही.

त्याचा चेहरा पडला. बॅटरीवर हमिंग येणार कुठून, असं पुटपुटत त्याने माझ्या कॅसेटची कॉपी लावली आणि हेडफोन कानाला लावून, डोळे मिटून ऐकू लागला. मी कधी कोणाला माझं गाणं असं ऐकताना बघितलं नव्हतं. आई भाजी चिरता चिरता ऐकायची, बाबा पेपरमागून. हा अख्खा माणूस माझ्या गाण्यात बसला होता... आणि शोधत काय होता, तर नसलेलं हमिंग! मला लाज वाटली आणि त्याच वेळी तिथून उठवेना. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, हेही कळेना.

“कुठे आहे?” त्याने विचारलं.

“ते... दुसऱ्या कडव्याच्या शेवटी.”

त्याने तीनदा ऐकलं. मग हळूच म्हणाला, की असेल. त्याच्या उस्तादाने त्याला एक नियम शिकवला होता, गाणाऱ्याचा कान मेकॅनिकच्या कानापेक्षा तयार असतो, त्याच्याशी वाद घालायचा नाही. गिऱ्हाईक गाणारं असेल आणि आवाज येतो म्हणालं, तर येतो. झालं! माझ्या थापेवर शिक्काच बसला.

मग पुढच्या शनिवारी नवा डबा. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी एक, त्यात ट्रान्झिस्टरच्या जागी आयसी नावाची चिप. चौथा तर त्याने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवला, म्हणे पत्रा बाहेरचा उपद्रव अडवतो. डब्यावर अजून गुलाबाची चित्रं होती. दर वेळी मी “थोडं कमी झालंय” म्हणायचे. दर वेळी चहा यायचा. गिरणी संपात बंद पडल्यापासून घरी बसलेल्या वडिलांबद्दल तो बोलायचा, मी माझ्या मॅनेजरच्या नकला करायचे. एकदा चहा देताना त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं, तर दोघांनीही कप सोडला. सुलक्षणा विचारायची, तुला नक्की काय आवडलंय गं, डबा की डबेवाला? मी तिच्यावर उखडायचे. मला फक्त तो ऐकतो ते आवडत होतं, की तो आवडत होता... वेगळं काढता येत होतं कुठे?

पाचव्या शुक्रवारी कंपनीचं पत्र आलं. आवाज पसंत. शिवाय खाली एक ओळ होती, ‘ध्वनिमुद्रण अत्यंत स्वच्छ आहे, कोणत्या स्टुडिओत केलेत ते कळवावे.’ मी घरभर नाचले. शनिवारी ते पत्र पर्समध्ये घालून धावतच दुकानात गेले. आता खरं सांगून टाकायचं आणि दोघांनी मिळून हसायचं, असं ठरवून.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत तो खोक्यात सामान भरत होता.

मी काय झालं म्हणून विचारलं, तर त्याने अगदी शांतपणे सांगितलं. तो कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. पण त्याचा प्रश्न होता, मला जे हमिंग ऐकू येतं, ते त्याला चार-चार डब्यांत का येत नाही? नक्कीच कुठेतरी कमी पडतोय. आई बोलली तरी त्याला वाटायचं, एखादा शब्द सुटला. ज्याला हमिंग कळत नाही, त्याने लोकांना डबे विकू नयेत. मेव्हण्याने मस्कतला वायरमनची नोकरी बघितली होती. सोमवारी पासपोर्ट द्यायचा.

मी केलेली गंमत या माणसाने आपल्या कानांवर घेतली होती. मी पत्र काढून त्याच्या हातात दिलं.

“पहिल्याच डब्यावर केलं होतं हे,” मी म्हटलं. “त्यात हमिंग नव्हतं. कुठल्याच डब्यात नव्हतं. मी खोटं बोलले.”

त्याने पत्र वाचलं. परत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि महिनाभर मला अहो-जाहो करणारा हा सभ्य माणूस पहिल्यांदा एकेरीवर आला.

“पाच आठवडे, उत्तरा. पाच आठवडे मी बहिरा होतोय असं समजत होतो. का केलंस तू हे?”

तो ओरडला असता तर मीही भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण तो ओरडलाच नाही. मला रडू फुटलं. पदराने नाक पुसत मी खरं तेच सांगितलं, की चांगला आहे म्हटलं असतं तर पैसे देऊन जावं लागलं असतं... आणि मला जायचं नव्हतं.

“का?”

“तुझ्यासाठी,” मी म्हटलं. “मला तू आवडतोस. खूप.”

बाहेर कुल्फीवाला घंटी वाजवत गेला. नंदकिशोरने पत्राची घडी घातली. माफ करणार की हाकलून देणार, काही समजेना. मी पर्स उचलली. तेवढ्यात त्याने ती धरली, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला,

“थांब. माझा माझ्या कानांवर विश्वास राहिलेला नाही, तुझ्यामुळे. आत्ता तू जे म्हणालीस, ते परत म्हण.”

मी परत म्हटलं.

“अजून एकदा.”

तिसऱ्यांदा म्हणताना माझा आवाज फुटला. तो डोळे मिटून ऐकत होता. मग डोळे उघडून म्हणाला, “एकदम स्वच्छ येतंय.” आणि त्याने खोक्यातलं सामान बाहेर काढायला घेतलं.