पहिली टीप जुन्या दोऱ्याची

फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे चार. किलब्रे बंदरातल्या जुन्या दोरखान्याचा तळमजला. खोलीत चार माणसं, एक विजेची शेगडी आणि लाकडी पाटावर बसवलेलं एक शिलाई मशीन. बाहेर अंधारून आलं होतं. स्कॉटलंडच्या या किनाऱ्यावर त्या दिवसांत चहाच्या वेळेलाच दिवस आवरतो.

पुढे जे सांगते आहे ते मी स्वतः पाहिलं आणि ऐकलं. अख्खी हयात वार्ताहर म्हणून काढली आहे. मोठमोठ्या लोकांनी मला खोटारडी म्हटलं आणि मग मुकाट्यानं माघार घेतली. तुम्हालाही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी ऐकून घ्या.

काम साधं होतं. गोदीतला गाळ उपसताना एक गंजलेलं मशीन वर आलं होतं. ते कोणाचं, एवढंच ठरवायचं होतं. पण त्यावर एका बाईचं नाव अडून बसलं होतं.

आमच्या लहानपणी या धक्क्यावर ताडपत्री शिवण्याचा कारखाना होता. एका हिवाळ्यात तो जळाला. वरच्या मजल्यावर शिवणाऱ्या बायका होत्या आणि जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. हे मी ठामपणे सांगते, कारण वाचलेल्या बायकांनी मला ते एकेकटीनं सांगितलं आहे. बऱ्याचजणी एका फुटक्या खिडकीतून खाली गोदीत उडी मारून वाचल्या. खिडकी कोणी फोडली ते धुरात कोणाला दिसलं नाही. काहीजणी वाचल्या नाहीत. आणि इशबेल ड्रायसडेल नावाची एक मुलगी सापडलीच नाही. तिचं मशीनही सापडलं नाही. चौकशीत मालकांनी सांगितलं, दार उघडं होतं, आणि इशबेल आगीआधीच मशीन चोरून पळाली. कॅनडाला गेली असेल. ओतीव लोखंडाचं मशीन काखोटीला मारून एकोणीस वर्षांची पोरगी कॅनडाला गेली, आणि शिकल्यासवरल्या माणसांनी त्याखाली सह्या केल्या. धक्क्यावर मेलेल्या बायकांच्या नावांचा दगड बसला, त्यावर इशबेलचं नाव नव्हतं. तिच्या आईला बाजारात चोराची आई म्हणत.

इशबेलची धाकटी बहीण नॅन त्या दिवशी खोलीत होती. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर विणलेली टोपी, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. जुना दगड झिजला म्हणून नगरपालिका नवा बसवणार होती. त्यावर कोणाची नावं कोरायची ते ठरवणारे रँकिन बेअर्डही तिथं होते, लांब करड्या कोटात. मी गेलं वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. शेवटी ते आले, ते माझं तोंड बंद व्हावं म्हणून.

चौथी एफी गॅलब्रेथ. ही खोली तिची. तिनं आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर गावोगावची गंजकी मशीनं आणून ती पुन्हा चालती करायचा नाद लावून घेतला. भिंतीला लागून ती रांगेनं ठेवलेली असत. खोलीत कायम रॉकेलचा आणि मशीनच्या तेलाचा वास. हे मशीन तिनं आठवडेच्या आठवडे रॉकेलमध्ये भिजवलं होतं, पितळी ब्रशनं घासलं होतं.

"बेअर्डसाहेब, ही स्प्रिंग दाबून बघा," एफी म्हणाली. "उसळी मारते की नाही? आगीत सापडलेल्या लोखंडाची स्प्रिंग मेलेली असते, दाबली की तशीच राहते. म्हणजे आग पोचायच्या आत हे मशीन खिडकीबाहेर गेलंय."

"असेल. पण कोणाचं?" बेअर्ड मशीनच्या पाटावर कोपर टेकून वाकले. "कारखान्यात अशी ढिगानं मशीनं होती."

"ही रेघ बघा. कापड सरळ जावं म्हणून प्रत्येक बाई पत्र्यावर अशी रेघ कोरायची. सगळ्याजणी सुईच्या उजवीकडे. ही डावीकडे आहे. इशबेल डावरी होती."

"ओरखडा आहे तो. गोदीत नांगर पडतात, साखळ्या पडतात."

"नांगर अशा सरळ रेघा ओढत असेल तर त्याला माझ्या वर्गात बसवलं असतं."

नॅन मघापासून बेअर्डच्या कोपराकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "साहेब, तो हात काढा तिथनं."

"का? मोडेल?"

"मुकादम असाच टेकून उभा राहायचा. पोरींच्या मानेवर फुसफुस करत. जास्तच बोलायला लागला की पोरी गुपचूप त्याची बाही ताडपत्रीला शिवून टाकायच्या. तो तरातरा निघायचा आणि मागनं अख्खी ताडपत्री फरफटत यायची." नॅन हसली. पुढचे दोन दात नव्हते. "आमच्या इशबेलनं तर किती वेळा शिवला त्याला. तिला काढणार कसं? तिच्यासारखी टीप गावात कोणाची नव्हती. शेवटाला कापड फिरवून डावीकडे गळासारखा एक आकडा घ्यायची. आमच्या घरच्या उश्यांनाही तो आकडा होता."

"उश्या आहेत अजून?" बेअर्डनी विचारलं.

"आईनं जाळल्या. लोकांनी चोर म्हटल्यावर."

बेअर्डनी ती रेघ पुन्हा न्याहाळली. माणूस वाईट नव्हता. सही करायला कारण हवं असणाऱ्यांपैकी होता. कोपर मात्र त्यांनी काढलं नाही.

एफीची एक रीत आहे, आणि जुनी मशीनं दुरुस्त करणारे आमच्याकडचे सगळेच ती पाळतात. मशीन चालू झालं की पहिली टीप आत सापडलेल्या दोऱ्याची मारायची. मधेच थांबलेल्या बाईचं काम आधी पुरं करायचं, मग आपलं. या मशीनचं खालचा दोरा धरणारं होडीसारखं शटल उघडलं तेव्हा आत दोरा निघाला होता. मेणात आणि तेलात मुरून काळा झालेला, पण तुटत नव्हता. खाली तोच ठेवायचा आणि वरून नवा पांढरा. चाक नॅननं फिरवायचं, असं ठरलं होतं.

"टीप मारून काय सिद्ध होणार?" बेअर्ड म्हणाले.

"काही नाही," एफी तडकली. एका हातानं त्यांच्याकडे बोट रोखून ती दुसऱ्या हातानं सुई बसवत होती. "सगळ्याच गोष्टी तुमच्या सिद्धतेसाठी नसतात. काही त्या बाईसाठी असतात." तिनं स्क्रू आवळला, ताडपत्रीचा तुकडा सुईखाली सरकवला आणि नॅनला बोलावलं.

नॅननं चाकाला हात लावला. चाक जरासं हललं आणि अडलं.

"जोर नको," एफी म्हणाली. "तेल सोडलंय, ते आत उतरू दे. शेगडी इकडे लावते. ऊब लागली की सुटेल. तोवर चहा."

ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला किटली भरायला गेली. मी नॅनला धरून तिकडच्या बाकावर बसवलं. बेअर्ड शेगडीच्या मोहानं मशीनपाशीच राहिले, स्टुलावर बसून, कोपर पाटावर.

तेवढ्यात दिवे गेले.

शेगडीची लाल तारही विझली. खिडकी नावाला होती, कोळिष्टकांनी भरलेली. तिच्यातून करडा उजेड येत होता तोही पाहता पाहता गेला. पाणी धक्क्याच्या भिंतीवर आपटत होतं.

"किटलीनं फ्यूज उडवला," एफीचा आवाज आला. "हलू नका कोणी. इथं मेणबत्ती होती कुठंतरी."

नॅनचा हात माझ्या मनगटावर होता. मला आधी वास जाणवला. रॉकेलचा नव्हे. गरम डांबराचा, जवसाच्या तेलाचा, आणि त्यामागे ओल्या लोकरीचा. पावसातून धावत कामावर आलेल्या पोरींच्या अंगाला येत असेल तसा. तो कुठून येत होता ते कळत नव्हतं, पण तो आमच्या जवळून पुढे गेला एवढं खरं. माझ्या गालाला गार वारा लागला.

मग आवाज आला. खट.

पुन्हा बराच वेळ काही नाही. मग खट... खट. एखादी बाई रजेवरून परत येऊन आपलं मशीन चाचपून बघते, तसं.

"एफी," मी म्हणाले, "चाकाला हात लावलास का?"

"मी मोरीपाशी आहे." तिचा आवाज खोलीच्या दुसऱ्याच टोकाकडून आला, अगदी बारीक.

खट खट खट. आता लय सापडली होती. मशीन धावायला लागलं. वर्षानुवर्षं गाळात पडलेलं, मघाशी अडलेलं मशीन. पण आवाजात कुठं घासणं नव्हतं, करकर नव्हती. आग, पूर, खून, सगळ्याच्या बातम्या मी दिल्या आहेत. तिथं पाय उचलून पुढे जाता यायचं. इथं आलं नाही.

"कोणीतरी..." बेअर्ड पुटपुटले. "माझी बाही... ओढतंय कोणीतरी..."

"उठू नका," नॅन म्हणाली. तिचा आवाज मात्र थरथरत नव्हता.

"मला उठताच येत नाहीये..."

"मग बसा गप. हात सैल सोडा. ती काम पुरं करतेय."

खट खट खट खट. मग वेग कमी झाला. कोपऱ्यावर कापड फिरवताना शिवणारी बाई थांबते, तसा एक क्षण गेला. नॅन माझ्या मनगटाला धरून उभी राहिली आणि अंधारात, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तशी म्हणाली,

"इशबेल... पुरे गं आता. त्याचा हात आहे तिथं."

आणखी दोन टाके पडले. मशीन थांबलं.

एफीला मेणबत्ती सापडली. त्या उजेडात आम्ही बेअर्डना पाहिलं, ओठ पांढरे पडलेले, डोळे घट्ट मिटलेले. त्यांच्या कोटाची बाही ताडपत्रीला शिवलेली होती. टीप मनगटाच्या कडेकडेनं वळत गेली होती, एकसारखी, कातडीला कुठं स्पर्शही नाही. टोकाला ती डावीकडे वळली होती आणि तिथं एक नीटस आकडा होता.

नॅननं तो बोटानं चाचपला. ती रडली नाही. "उशीचा," एवढंच म्हणाली.

मी कात्री आणली. बेअर्डनी मान हलवली. "उसवू नका," ते म्हणाले आणि कोटातून सावकाश हात काढून घेतला. शर्टात कुडकुडत उभे राहिले. एफीनं आपली शाल त्यांच्या खांद्यावर टाकली. ती एरवी त्यांना रुमालही द्यायची नाही.

"मी नाव मंजूर करतो," ते म्हणाले. "पण कारण... कारण काय लिहू?"

"ओळख पटली म्हणून लिहा," नॅन म्हणाली.

त्यांनी तेच लिहिलं.

मे महिन्यात नवा दगड बसला. इशबेल ड्रायसडेल, वय एकोणीस. मी माझ्या वर्तमानपत्रात लिहिलं की तिनं स्वतःचं मशीन उचलून खिडकी फोडली आणि तिच्यामुळे बायका वाचल्या, आणि त्यावर एकाही वकिलाची नोटीस आली नाही. त्या दिवशी वाचलेल्यांपैकी तिघी अजून आहेत, त्या फुलं घेऊन आल्या. नॅन ऊन असलं की तिथं जाऊन बसते. चौकातल्या बेकरीवाल्यानं तिला परवा "इशबेलची बहीण ना तुम्ही?" असं अभिमानानं विचारलं, हे ती दिसेल त्याला सांगते. जिन्याच्या दाराला कुलूप कोणी लावलं, हे मालकांच्या वारसांना मी पुन्हा विचारलं आहे. उत्तर येईपर्यंत विचारत राहणार आहे.

तुम्ही म्हणाल, अंधारात एफीनं चाक फिरवलं असेल. मीही तिला तोंडावर विचारलं. तिनं काही न बोलता मला मशीनपाशी नेलं आणि सुई दाखवली. बेअर्डशी भांडता भांडता तिनं ती उलटी, खाच भलत्या बाजूला करून बसवली होती. अशा सुईपाशी शटल दोरा पकडत नाही. कोणीही फिरवलं तरी कापडाला नुसती भोकं पडतात, टीप पडत नाही. शटलमधला काळा दोरा मात्र संपलेला होता, आणि तो सगळा बेअर्डच्या बाहीत होता.

ती सुई एफीनं तशीच ठेवली आहे. मी चाक फिरवून पाहिलं. बेअर्डनी पाहिलं. लांबून आलेल्या जाणत्यांनीही पाहिलं. भोकं पडतात.