गप्प कोपरा

टक्.

बाळाचा नुकता डोळा लागला होता. घरात दुपारची शांतता होती आणि ओट्यावरच्या स्पीकरच्या डबीतून तो एवढासा आवाज आला. शलाकानं दूध उतरवलं. टक्, टक्.

“वांगी,” तिची पाच वर्षांची लेक गोदा चित्र रंगवता रंगवता म्हणाली. “रोज तीच रडतात.”

बरोबरच होतं तिचं. अकोल्यातल्या त्या इमारतीच्या गच्चीवर आता सिमेंट दिसतच नसे. वीतभर हलकी माती, तिच्यात भाज्या आणि कडेनं चिनीगुलाबाची गादी. ती माती ओली असली तरच खालची घरं उन्हाळ्यात राहण्याजोगी राहत. पाणी मात्र मोजकंच, न्हाणीघरातलं गाळून वर चढवलेलं. ते कुठे सोडायचं हे कळावं म्हणून शलाकानं कानचिमटे तयार केले होते. झाड तहानलं की त्याच्या देठातली पाण्याची बारीक धार तुटते, तिथे बुडबुडा होतो आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो. देठाला लावलेला चिमटा तो पकडून डबीतून ऐकवी, आणि त्या वाफ्याची तोटी आपोआप उघडे. जो जास्त वाजेल, त्याला आधी पाणी. गावातल्या कितीतरी गच्च्यांवर आता हीच पद्धत होती, आणि शलाकाला तिचा अभिमान होता.

“पश्चिमेचा कोपरा शहाणा आहे,” गोदा म्हणाली. “त्याला तहानच लागत नाही.”

शलाका हसली, आणि हसता हसता थांबली. तो कोपरा शेवटचा कधी वाजला होता, तिला आठवेना.

बाळाला खांद्यावर टाकून ती वर गेली. मागोमाग गोदा. वांगी मजेत होती. पश्चिमेचा चिनीगुलाब मात्र हातात घेताच चुरला. चिमटे जागच्या जागी होते, त्यांचे दिवेही हिरवे. चिनीगुलाबाचे रसाळ देठ मुळातच हळू वाजतात. वांग्यांच्या गलक्यात त्यांचा नंबर कधी लागलाच नसणार. आणि एकदा देठातली धारच संपली, की तुटणार काय? ओलं झाड गप्प असतं. वाळलेलंही गप्प असतं. तिच्या यंत्राला दोन्ही सारखेच.

मग तिला आठवलं, या कोपऱ्याच्या खाली तायडे काकू राहतात. एकट्या.

दार उघडायला काकूंना वेळ लागला. आतली हवा भट्टीसारखी होती. फरशीवर ओली चादर अंथरलेली, तीही वाळत आलेली. काकूंचे ओठ सुकले होते आणि शब्द अडखळत होते. शलाकानं त्यांना धरून आपल्या घरी आणलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी तपासलं, वेळेवर आणलंत म्हणाले.

“काकू, सांगायचं नाही का मला?” शलाकाचा आवाज जरा चढलाच.

“काय सांगू वं पोरी? तुह्यं लेकरू लहान, त्यात तुह्यं काम. म्या म्हटलं, निघते हाही उन्हाळा.”

काकू झोपल्या तशी शलाका बाळाला मांडीवर घेऊनच कामाला बसली. चूक कळली होती, त्यामुळे हात भराभर चालत होते. चिमट्यानं आता नुसतं ऐकत बसायचं नाही. आपणहून देठाला हलकी टिचकी मारायची. भरलेला देठ बद्द वाजतो, रिकामा पोकळ. वाट बघायची नाही, विचारायचं. उन्हं उतरल्यावर तिनं तो नवा चिमटा वर नेऊन लावला. पश्चिमेचा कोपरा पोकळ वाजला, तोटी उघडली, माती सुस्कारा टाकल्यासारखी भिजली. चुरलेल्या पानांखाली एक-दोन मुळं अजून पांढरी होती. हे जगणार, शलाकाला खात्री होती. उद्या बाकीच्या गच्च्यांनाही कळवायचं.

ती खाली आली तेव्हा काकू उठून बसल्या होत्या. गोदा त्यांना वाटीतून पाणी पाजत होती, आणि नको म्हटलं तरी सोडत नव्हती. चिमटा आता झाडांना स्वतःच विचारतो, हे शलाकानं तिला समजावलं. गोदानं ते नीट ऐकलं. मग काकूंकडे निरखून पाहिलं, त्यांचा हात उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

“आई, काकूंना टिचकी कुठे मारायची?”