मागे घेतलेला अर्ज

संगणकाची फेरी संपली तेव्हा यामिनी कांडेकरला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. प्रयोगशाळेच्या पडद्यावरचा निकाल तिनं पुन्हा वाचला, खुर्ची मागे सरकवून तिसऱ्यांदा वाचला. दगडसांगवी विधानसभा मतदारसंघ, तिसरी निवडणूक. विजयी उमेदवार: मंदाकिनी विश्वंभर कांडेकर. मताधिक्य: एक हजार नऊशे बारा.

मंदाकिनी म्हणजे तिची आई. आई जन्मात कधी निवडणूक लढली नव्हती, आणि तिला जाऊन आठ वर्षं झाली होती.

खरं तर यामिनीला आईबद्दल काही शोधायचंच नव्हतं. तिचं भांडण बापाशी होतं. विश्वंभर कांडेकर, दगडसांगवीच्या हायस्कुलातले निवृत्त विज्ञानशिक्षक, सगळ्या तालुक्याचे गुरुजी, पाच वेळा विधानसभेला अपक्ष उभे राहिले आणि पाचही वेळा सपाटून पडले. दर वेळी मुद्दा एकच: डोंगराला लागून चालणारे खडीचे क्रशर बंद करा, त्यांच्या धुळीनं माणसांची फुप्फुसं दगड होताहेत. मुद्दा सोळा आणे खरा होता. पण खरं बोलणाऱ्याला मत द्यावं असा नियम कुठं आहे? आता सत्तराव्या वर्षी, हृदयात दोन स्टेंट बसवलेले असताना, गुरुजींनी सहाव्यांदा अर्ज भरला होता. पोरीनं विनवलं, रागावली, अबोला धरला. गुरुजी ढिम्म.

तेव्हा तिनं ठरवलं, बापाला त्याच्याच भाषेत, म्हणजे प्रयोग करून पटवायचं. पुण्याच्या ज्या संस्थेत ती काम करायची, तिथं दोन वर्षं खपून एक ‘प्रतिमतदारसंघ’ उभा केला होता. कल्पना साधी होती. प्रत्येक खऱ्या मतदाराची संगणकात एक छाया. दोन लाख नव्वद हजार मतदार, तेवढ्याच छाया. पाहणीसाठी नेमलेल्या मुली टॅब घेऊन दारोदार फिरल्या आणि त्यांनी प्रत्येकाला दोनशे प्रश्न विचारले: कुणाचं ऐकता, कुणाला भिता, अडीअडचणीला पहिला फोन कुणाला करता. जे वारले त्यांच्या छाया जिवंतांच्या आठवणींवरून बेतल्या. मग जुनी निवडणूक पुन्हा चालवायची. छायांचं मतदान खऱ्याशी जुळलं की मांडणी बरोबर. त्यानंतर एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं असतं ते पाहायचं. नमुन्यासाठी दगडसांगवी कुणी सुचवली, हे वेगळं सांगायला नको.

“मॅडम, जरा बघता का? यंत्र भलतंच सांगतंय.”

विभागप्रमुख डॉ. शहनाज मुजावर चहाचा कप घेऊन आल्या. “यंत्र भलतं सांगत नाही, आपण भलतं विचारतो. काय बदललंस?”

“पाचही निवडणुकांतून बाबांचं नाव काढलं. मला वाटलं, काडीचा फरक पडणार नाही. तोच निकाल त्यांच्यापुढे ठेवणार होते. बघा, तुम्ही असून नसून सारखेच.”

“नाव काढलंस, की माणूस?”

“नुसतं नाव. माणूस गावातच आहे.”

“कोणत्या तारखेला काढलंस?”

“अर्ज माघारीच्या आदल्या दिवशी.”

“मग त्यांचा डमी कोण होता?” मॅडमनी विचारलं, आणि यामिनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

छाननीत आपला अर्ज एखाद्या सहीवाचून बाद झाला तर हाताशी दुसरा असावा, म्हणून पुष्कळ उमेदवार घरच्याच कुणाच्या नावानं एक डमी अर्ज भरून ठेवतात. छाननी सुखरूप पार पडली की डमीनं जायचं आणि आपला अर्ज मागे घ्यायचा. आईनं पहिल्या चारही वेळा अर्ज भरला होता आणि चारही वेळा मागे घेतला होता. गुरुजींचं नाव काढल्यावर तिच्या छायेला अर्ज मागे घ्यायचं कारणच उरलं नाही. ती उभी राहिली. पहिल्या दोन वेळा पडली, तिसऱ्या वेळी आली.

“पण आई निवडून कशी येईल? बाबांना कधी सहा हजारांच्या वर मतं नाहीत!”

मॅडमनी नकाशा उघडला. “गुरुजींची मतं बघ. क्रशरजवळच्या चार वस्त्या, बस्स. आता आईची बघ.”

नकाशाभर ठिपके होते. ज्या गावांत गुरुजींना कुणी पाणी विचारलं नसतं, तिथंही होते.

“काय करायच्या तुझ्या आई?”

“शिवणक्लास चालवायच्या. वडारवस्तीत. वीस वर्षं.”

“मुली किती शिकल्या असतील?”

“हजार-अकराशे.”

“आणि लग्न होऊन कुठं गेल्या?”

यामिनी पुन्हा नकाशाकडे वळली. नव्वद गावांतले ते ठिपके म्हणजे नव्वद गावांतली सासरं होती. प्रत्येक ठिपक्याला एक सासू, दोन जावा, शेजारणी. त्या वर्षी दोन्ही मोठ्या पक्षांत बंडखोरी होऊन मतं चार जागी फाटली होती. आईला तेवढी फट पुरली.

“एकदा आलं म्हणून खरं मानू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “हजार वेळा चालव.”

तिनं चालवलं. हजारातल्या आठशे एकाहत्तर फेऱ्यांत आई निवडून आली. बहुतेक सगळ्यांत क्रशर दोन वर्षांत बंद पडले. मग यामिनीनं जे बघायला नको होतं तेही बघितलं. आई त्याच धुळीनं गेली होती, वस्तीत शिवणयंत्रापुढे बसून वीस वर्षं ती धूळ छातीत भरून. सातशे चार फेऱ्यांत ती आज जिवंत होती. यामिनी टेबलावर डोकं ठेवून रडली.

“हे बाबांना सांगू?” तिनं विचारलं.

मॅडमनी कप खाली ठेवला. “सांगावं की नाही, ते आपल्या शास्त्रात बसत नाही. पण नाही सांगितलंस, तर ते सातव्यांदाही उभे राहतील.”

तेवढ्यात गुरुजींचाच फोन आला. आवाज खणखणीत. “छाननी झाली गं, माझा अर्ज वैध! उद्या तीनच्या आत ये आणि तुझा डमी मागे घे. येताना आधार कार्ड विसरू नकोस.” आई गेल्यापासून डमी यामिनीच्या नावानं होता. एक मत तरी घरचं असावं म्हणून गुरुजींनी तिचं नाव गावच्या यादीतून हलू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोनच्या सुमारास ती तहसील कचेरीत पोचली. गुरुजी वाहनतळाच्या पत्र्याखालच्या बाकावर इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. अपक्षाला दहा सूचक लागतात. त्यांच्यापैकी सात-आठ जण आवारात घोळका करून होते. बाकाजवळ वडारवस्तीतली गयाबाई धोत्रे फरशीवर टेकली होती, पदरात खोकत.

सांगायचं ठरवून आलेल्या यामिनीनं आयत्या वेळी कच खाल्ली. “बाबा, तुमचं नाव वगळून पाचही निवडणुका चालवून पाहिल्या. काही फरक पडत नाही.”

“मग उभं राहायला हरकत काय?” गुरुजी म्हणाले.

तर्काला तर्क. वर्गात पोरांना असंच गप्प करायचे. तिला हसू आलं आणि भडभडूनही आलं, आणि त्या भरात तिनं सगळं सांगून टाकलं. डमी, ठिपके, सासरं. गुरुजी मान खाली घालून ऐकत होते.

“कितीनं आली?” त्यांनी विचारलं.

“एकोणीसशे बारानं.”

“टपाली मतं धरून?”

“बाबा!”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती, तरी पुसत राहिले. “आणि क्रशर बंद झाले असते तर… ती असती का?”

“बहुतेक वेळा,” यामिनी म्हणाली. सातशे चार हा आकडा तिच्या तोंडून निघेना.

“तिनं विचारलं होतं मला,” गुरुजी म्हणाले. “तिसऱ्या वेळी. याच कचेरीत. ‘या खेपेला माझाच राहू दे का अर्ज?’ म्हणाली. मी हसलो. म्हटलं, मग कार्यकर्त्यांना भाकऱ्या कोण थापणार? तीही हसली. आत गेली आणि सही करून आली.”

ते उठले. यामिनीनं हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. एकटेच आत गेले आणि दहा मिनिटांनी बाहेर आले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतःचा अर्ज मागे घेतला होता. सूचकांना त्यांनी कारण सांगितलं, काही न लपवता, यंत्रासकट. पुरुष मंडळी एकमेकांची तोंडं बघायला लागली. गयाबाईला मात्र नवल वाटलेलं दिसलं नाही.

“त्यात यंत्रानं नवं काय सांगितलं?” ती म्हणाली. “बाई उभ्या ऱ्हायल्या असत्या तर आमी त्यांनाच दिलं असतं. त्यांचं नाव कधी मतदानाच्या मशीनवर आलंच न्हाई.”

“मग मला एकदा तरी सांगायचं, गयाबाई!” गुरुजींचा आवाज फुटला.

“त्या टॅबवाल्या पोरींनी इचारलं, त्यांना सांगितलं. तुमी मत मागायला यायचा, गुर्जी. इचारायला कवा आला?”

गुरुजी पुन्हा बाकावर बसले. तीन वाजायला अठरा मिनिटं होती. यामिनीच्या पिशवीत माघारीची सूचना होती, सही व्हायची बाकी. ती गयाबाईसमोर उकिडवी बसली.

“मावशी, माझा अर्ज अजून जिवंत आहे. राहू का उभी?”

गयाबाईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. “नगं.”

“आईची मुलगी म्हणूनसुद्धा?”

“तू ग्वाड पोर हाईस. पर तू पुण्याची. आमच्या कुठल्या घरात कोण खोकतंय, ठावं हाय तुला? बाईंचा क्लास आता माझी सून चालवती, आठ वरसं झाली. नव्वद गावच्या पोरी तिलाच फोन लावत्यात. उभं करायचंच तर तिला करा.”

“अर्ज भरायची मुदत गेली, मावशी. चार दिवस झाले.”

“मग ऱ्हायलं,” गयाबाई म्हणाली, आणि तिला खोकल्याची उबळ आली. उबळ बराच वेळ थांबली नाही.

यामिनीला आपली चूक दिसली. हजार फेऱ्या चालवल्या, पण यंत्रात उमेदवार म्हणून तीच नावं होती ज्यांनी कचेरीत अर्ज भरले. ज्यांनी भरलेच नाहीत त्यांना उभं करून बघायचं ना तिला सुचलं, ना मॅडमना. गयाबाईच्या सुनेची छाया तिथंच होती, दोन लाख नव्वद हजारांत, दर वेळी गुमान मत देऊन घरी जाणारी. आता पुढची पाच वर्षं क्रशर चालणार होते.

ती आत गेली. निवडणूक अधिकाऱ्यानं घड्याळ पाहून तिची सही घेतली, पोच दिली. ती बाहेर आली तेव्हा घोळका पांगला होता. गुरुजी बाकावरून उतरून गयाबाईशेजारी फरशीवर बसले होते, इस्त्रीच्या सदऱ्यासकट, आणि तिच्या हातात पाण्याची बाटली देत होते. पंचवीस वर्षं त्या वस्तीत उंबरे झिजवलेला माणूस जरा ओशाळून विचारत होता, “गयाबाई, सुनेचं नाव काय तुमच्या?”