गेनबा मामांची कवळी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

मागच्या मार्गशीर्षात. वरवे बुद्रुकला, माझ्या आत्याच्या घरी.

मी भोरला राहते. भुताखेतांच्या गप्पा करणाऱ्यांची टिंगल करण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हतं. आता करत नाही.

गेनबा मामा म्हणजे आत्याचे यजमान. दात गेल्यावर त्यांनी भोरच्या डॉक्टरांकडून कवळी करून घेतली. कवळी मामांची, पण तिची सगळी उस्तवार आत्याची. जेवणं झाली की ती घमेल्यात पाणी घेऊन बसायची आणि त्यावर कवळी धरून मऊ ब्रशनं घासायची. निसटली तर पाण्यात पडावी, फरशीवर फुटू नये म्हणून. गरम पाणी तर चुकूनही लावायची नाही. झोपताना कवळी स्टीलच्या वाटीत, पाण्यात बुडवून कोनाड्यात ठेवायची.

"एवढं तर लेकरांचं पण केलं न्हाईस," मामा चिडवायचे.

"मग खावा भाकरी हिरड्यांनी," आत्या फणकारायची.

एवढी जपली, म्हणून ती कवळी वर्षानुवर्षं टिकली.

आणि त्या जपण्यानंच घात केला.

मामा आजारी पडले. पुण्याला दवाखान्यात ठेवलं. तिथं कवळी काढून ठेवायला सांगितली. हरवेल, कुणाच्या हातून फुटेल, या धास्तीनं आत्यानं ती मुलाबरोबर, सोमनाथबरोबर, घरी पाठवून दिली.

मग एका संध्याकाळी मामांना जरा हुशारी आली. त्यांनी भाकरी मागितली. तोंडाकडे बोट दाखवून कवळी मागितली.

"घरी गेल्यावर बसवू. तवर पेज प्या," आत्या म्हणाली.

मामांनी पेजेला तोंड लावलं नाही.

पहाटे ते गेले... उपाशीच.

तिरडीवर मामांचे गाल पार आत गेलेले होते. आत्या एकच वाक्य बोलत रडत होती.

"म्या त्यांना उपाशी धाडलं."

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या झोपायच्या जागी पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर पाटी पालथी घालतात. सकाळी पिठात ठसा बघायचा. पाखराचा पाय उमटला तर पाखराचा जन्म, खूर उमटला तर गुराचा.

आम्ही बायका त्याच खोलीत झोपलो होतो. दाराला आतून कडी होती.

सकाळी सोमनाथनं पाटी उचलली.

पाय नव्हता. खूर नव्हता.

पिठात एक गोल ठसा होता... वाटीच्या बुडाएवढा.

आत्या उठली आणि कोनाड्यापाशी गेली. कवळीची वाटी जागेवरच होती. तिनं ती उचलून खालून बघितली.

बुडाला पीठ लागलं होतं...

रात्री भरून ठेवलेल्या पाण्याचा आत थेंबही नव्हता. कवळी कोरडी पडली होती.

"मागत्यात," आत्या म्हणाली. "सोमनाथ, त्यांची त्यांना देऊन टाक."

सावडायच्या दिवशी तिनं कवळी शेवटची घासली. इतकी सावकाश, की बाहेर माणसं खोळंबली तरी कुणाला घाई कर म्हणवेना. सोमनाथनं ती अस्थींबरोबर नदीत सोडली.

त्याच दिवशी, दिवेलागणीला...

भाऊबंदांच्या घरून भाकरी आली होती. आत्यानं ती आणि मूठभर भाजके शेंगदाणे ताटात घालून मामांच्या जागी ठेवले. दार ओढून घेतलं. आम्ही दोघी ओसरीवर बसलो. सोमनाथ समोर अंगणात होता. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

बराच वेळ सगळं शांत.

मग आतून आवाज आला...

कड्...

कड्... कड्...

शेंगदाणे चावल्याचा. सावकाश. मामा चावायचे तसा.

मी ताडकन उठले. आत्यानं माझं मनगट घट्ट धरलं.

"जाऊ नगंस. जेऊ दे त्यांना."

तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती हसत होती. तिच्याकडे बघून मलाही रडू फुटलं.

आवाज थांबल्यावर आम्ही दार उघडलं.

ताट रिकामं होतं. उंदीर म्हणाल. म्हणा.

पण ताटात पाणी होतं... जेवून हात धुतल्यावर असतं तसं.

त्यानंतर आत्या रोज तिन्हीसांजेला ताट वाढते. दार ओढते. ओसरीवर कान देऊन बसते.

आवाज येत नाही. सकाळी भाकरी तशीच असते.

परवा मी गेले होते. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं, "आत्या, पोटभर जेवून गेले मामा. सुटले."



"उपाशी होते तवर हितं होते गं," ती म्हणाली. "म्याच घालवलं."

एसटीची वेळ होईपर्यंत मी तिला बिलगून बसले. त्या खोलीच्या दाराकडे मात्र मी एकदाही पाठ केली नाही.