उसनं तोंड

गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठाला, गंगाखेडपासून चार कोसांवर एक गाव होतं. त्या गावात एकाच मांडवात दोन सख्ख्या भावांना दिलेल्या दोन सख्ख्या बहिणी नांदत होत्या. थोरली कडूबाई, धाकटी सरजाबाई. थोरलीचा नवरा बन्सीधर, लेक आश्रुबा, नात अर्पिता. धाकटीला मूलबाळ नाही, नवराही अकरा वर्षांमागं गेलेला. ती बहिणीच्याच चुलीवर राहिली. दोघी अशा एकसारख्या, की कासारीण एकीला बांगड्या भरून पुन्हा तिचाच हात धरायची. फरक एवढाच, थोरलीच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके होते. धाकटी गोंदायच्या वेळी भिऊन कडब्याच्या गंजीत लपली होती, ती कोरीच राहिली.

त्या कार्तिकात कडूबाई गेली. तेरवी पाच दिवसांवर आली तेव्हा आश्रुबाच्या ध्यानात आलं, की घरात आईचा एक फोटो नाही. लग्नकार्यात ही बाई चुलीपाशी, आणि कुणी मोबाइल धरला की पदर तोंडावर. मग आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणायला तो गंगाखेडला गेला. संध्याकाळी घेऊन आला. बन्सीधरनं तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "ही तुही माय हाय का तव्याचं बूड?" आठ दिवसांत घरात पहिल्यांदा कुणी हसलं, आणि हसता हसताच म्हातारा रडायला लागला.

त्या गावात एक रीत होती. माणूस गेलं आणि फोटो नसला, तर त्याच्या तोंडावळ्याचं भावंड त्याच्या कपड्यात बसवायचं, फोटो काढायचा, चौकटीत घालून हार चढवायचा. अशा चौकटी बऱ्याच घरांत होत्या. त्याविषयी कुणी बोलत नसे.

आश्रुबा सरजाबाईपुढं येऊन बसला. बराच वेळ जमिनीवरची काडी मोडत राहिला.

"मावशी, आईचं हिरवं लुगडं नेस. एक डाव. बाबा त्या मोकळ्या भिंतीकडंच बघत बसायलेत."

"अन् कुंकू?"

"...कुंकू बी लावावं लागंल."

सरजाबाईनं लुगडं नेसलं. त्याला अजून कडूबाईच्या मिश्रीचा वास होता. अकरा वर्षं कोऱ्या असलेल्या कपाळावर अर्पितानं कुंकू टेकवलं. आश्रुबानं मोबाइल धरला. आणि त्या घडीला सरजाबाईला वाटलं, की कुणीतरी ओल्या पदरानं आपलं तोंड पुसून घेतलं; माय लेकराचं पुसते तसं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एका हातासरशी.

तेरवीला चौकट भिंतीवर चढली. बाया फोटो बघून रडल्या, हुबेहूब कडूबाई म्हणाल्या. त्याच फोटोखाली सरजाबाई पंगतीला वरण वाढत होती. वर तिचंच तोंड, त्याला झेंडूचा हार. कुणाच्या नजरेत आलं नाही.

अर्पिता परभणीला नर्सिंग शिकत होती. आजीचा एक फोटो आपल्यानं निघाला नाही, हे तिच्या मनाला फार लागलं. माणूस हाय तवरच काढायचा, म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं लिंबाखाली खुर्ची मांडली. बन्सीधर टोपी झटकून बसला. "हार किती हाताचा लागंल त्ये बी मोजून ठिव," म्हणाला. तोंड समोर आलं, की मोबाइल त्याच्याभोवती पिवळी चौकट धरायचा. बन्सीधरला धरली, आश्रुबाला धरली.

मग सरजाबाई बसली. चौकट आली नाही.

अर्पिता जवळ सरकली, लांब गेली, बाजूनं आली. शेवटी तसाच काढला. फोटोत खुर्ची आली, लिंबाची सावली आली, मांडीवरची मोकळी मनगटं आली. तोंडाच्या जागी पाण्यात दूध सांडल्यासारखं काहीतरी होतं.

"आजी, हालू नकू."

"मी कुठं हालायले बाई..."

सात फोटो काढले, सातही तसेच. अर्पितानं ओढणीनं काच पुसली आणि बन्सीधरचा पुन्हा काढून पाहिला. त्याची सुरकुती न् सुरकुती आली. खुर्ची उचलून आत नेली.

दोन दिवसांनी आश्रुबा मावशीला घेऊन फाट्यावर गेला. सरकारकडून मिळणाऱ्या निराधाराच्या पगारासाठी दर साली हयातीचा दाखला लागतो, तो हल्ली मोबाइलवर तोंड दाखवून निघतो. फाट्यावर बुद्धभूषणचं ऑनलाइनचं दुकान. तो गुणाचा पोरगा, म्हाताऱ्यांना खुर्ची देणारा. "आजी, इथं बघा. डोळे मिटा. उघडा." मोबाइलवरचं गोल कडं लालच राहिलं. उन्हात बसवलं, सावलीत बसवलं, मागं पांढरी चादर धरली. बारा वाजले. शेवटी त्यानं आश्रुबाला बाजूला नेलं, पण सरजाबाईचे कान शाबूत होते.

"भाऊ, मशीन म्हणायलंय, समोर माणूसच न्हाई."

महिना सरायला चार दिवस होते. तोवर दाखला गेला नाही, तर नाव मयताच्या यादीत. घरी येईस्तोवर सरजाबाई एका हातानं आपलं तोंड चाचपत होती. नाक जागच्या जागी होतं, डोळे होते.

दारातच बन्सीधरनं हाक मारली. तो फोटोखाली बसला होता, आणि त्याच्या तोंडावर कैक दिवसांनी उजेड होता.

"सरजे... बघ. गोंदण उमटायलंय."

फोटोतल्या कोऱ्या हनुवटीवर तीन ठिपके होते. फिकट, कातडीच्या आतून वर येणाऱ्या शिरेसारखे हिरवे. अर्पितानं मोबाइलमधला मूळ फोटो काढून पाहिला. त्यात हनुवटी कोरी होती. पोरीनं मोबाइल पालथा ठेवला. म्हातारा मात्र म्हणाला, "आता खरी दिसायली."

सरजाबाईला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सगळे कापूस वेचायला गेले. बन्सीधरलाही तिनं झाडाच्या सावलीला बसायला म्हणून शेतात धाडलं. भर दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. तिनं दाराला आतून कडी घातली आणि फोटोसमोर बसली. बहिणीशी आयुष्यभर बोलली तशीच बोलली.

"अक्का, म्या तोंड उसनं दिलं व्हतं. बक्षीस न्हाई."

झेंडूच्या वाळक्या पाकळ्या एकेक करून खाली पडू लागल्या. वारा नव्हता.

"दाजींसाठी दिलं. लेकरासाठी दिलं. तुहा फोटो झाला आता, तू ऱ्हा तिथं... पर मला जित्यात ऱ्हाऊ दे."

मिश्रीचा वास आला. आधी मंद, मग असा की कुणी कानाशी वाकलंय. आतल्या खोलीत, लुगड्याची पेटी होती तिथं, पत्रा करकरला. मग काचेच्या बांगड्या. सरजाबाईनं मान वळवली नाही. बांगड्या तिच्या पाठीमागून गेल्या, दारापाशी थांबल्या. तिनं स्वतःच्या हातानं घातलेली कडी हळू... फार हळू... सरकली. जमिनीवर उन्हाची पट्टी रुंद झाली, मधूनच काळवंडली, आणि पुन्हा लख्ख झाली.

दिवस कलल्यावर घरचे आले, तेव्हा दार सताड उघडं होतं आणि सरजाबाई डोळे घट्ट मिटून तिथंच बसली होती. हात लावल्यावर तिनं ते उघडले. आश्रुबा तिला पाणी पाजत होता तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. सरजाबाईचा हयातीचा दाखला जमा झाला होता.

सकाळी दोघं फाट्यावर गेली. बुद्धभूषण खुशीत होता. "काल आजी एकट्याच आल्या. तुमी कुठंय म्हणून इचारलं, तर बोलल्याच न्हाईत. पहिल्याच खेपेला झालं बघा." मग तो जरा थांबला. "मशीन डोळे मिटा म्हणत व्हतं. आजींनी काही मिटले न्हाईत... पर घेतलं त्यानं."

दाखल्यावर सरजाबाईचंच तोंड होतं, कोऱ्या हनुवटीचं. खांद्यावर हिरव्या लुगड्याचा काठ.

त्यानंतर घराला बरे दिवस आले. पिवळी चौकट सरजाबाईच्या तोंडावर बसू लागली. सगळ्यांचा मिळून एक फोटो निघाला, तो भिंतीवर बिनहाराचा लागला. अर्पिताला परभणीतच नोकरी मिळाली. बन्सीधर रोज सकाळी फोटोतल्या बायकोला चहा दाखवून मग पितो. सरजाबाईचा पगार एकदाही चुकला नाही. कार्तिक लागला, की आश्रुबानं गाडी काढायच्या आधीच दाखला जमा झाल्याचा निरोप येतो. त्या दिवशी सरजाबाई उंबरा ओलांडत नाही.

आता हा तिसरा कार्तिक. परवाच दाखला आला. तोंड तिचंच, लुगडं तेच. पण यंदाच्या फोटोत डोळे मिटलेले आहेत, गेलेल्या माणसाचे मिटवतात तसे.