धरमकाट्यावरचे साठ किलो

परवा दिग्रसला गेलो होतो, एका जिनिंगच्या धरमकाट्याचं काम घेऊन. काम साधं होतं. कापसाच्या गाड्या ज्या लोखंडी फलाटावर चढतात, त्यावरचं वजन कॉम्प्युटरवर आणणारा प्रोग्राम तिथल्या काटाबाबूंनी, वामनरावांनी, सी भाषेत लिहिला होता. ते दिवाळीआधी वारले. पावत्या छापणारा माझा नवा प्रोग्राम जावातला. या दोन भाषा एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून मध्ये एक छोटा पूल घालायचा. इकडचा आकडा उचलायचा, तिकडे द्यायचा.

सकाळी पूल चालू झाला आणि स्क्रीनवर आलं, साठ किलो. खिडकीबाहेर फलाट रिकामा. काट्याच्या डब्यावर शून्य. वायरी काढून पुन्हा लावल्या, मशीन बंद करून चालू केलं. साठच. खोलीत सरकीचा वास दाटला होता. त्यात हळूहळू तंबाखूचा मिसळला. मी तंबाखू खात नाही.

बाहेर गाड्यांची रांग. कापसाचा हा सलग तिसरा वाईट हंगाम, त्यामुळे माणसं आधीच चिडलेली. मालक दारात येऊन उभे राहिले. माझा पूल चुकला, असं म्हणवेना... शिकल्याचा ताठा, दुसरं काय. सगळ्यांना ऐकू जाईल असं खिडकीतून म्हणालो, "खोट वामनरावांच्या प्रोग्राममध्ये आहे. साठ किलोची."

पहिल्या गाडीवरचा लखीराम खाली बघत म्हणाला, "वामनराव तसे नव्हते, साहेब."

मागून कोणी तरी पुटपुटलं, "म्हंजे इतकी वर्सं काटा मारत होता म्हना."

पावत्यांच्या टेबलाशी भैरवी बसली होती, वामनरावांची मुलगी. तिनं मान वर केली नाही.

मी पुलातच साठ वजा करणारी एक ओळ टाकली. शून्य आलं. सुटलो एकदाचा. लखीरामनं बैल हाकले, पण ते फलाटाच्या काठाशी येऊन अडले. तेवढ्यात आकडा बदलला. वजा साठ.

रिकाम्या फलाटावरून कोणी तरी उतरलं होतं...

"सर," भैरवी हळू म्हणाली, "बाबा रोज सकाळी तंबाखू मळत पहिले स्वतः काट्यावर उभे राहत. आकडा बरोबर आला की उतरत. मंगच पह्यली गाडी चढे."

"त्यांचं वजन...?"

"तुमी आत्ता वजा केलं, तेवढंच."

ती ओळ मी पुसली. शून्य. बैल आपणहून चढले. दिवसभर एकही आकडा चुकला नाही आणि दिवसभर मला मान वर करता आली नाही. वामनराव काटा मारायचे, ही गोष्ट तोवर चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती. ओळ गुपचूप पुसता येते. बोललेलं पुसायला रांगेसमोर उभं राहावं लागलं असतं, आणि मला लाज वाटली.

निघताना भैरवी फाटकापर्यंत आली. "सगळ्यायसमोर बोल्ले, सर. तसंच सगळ्यायसमोर सांगान ना?"

"उद्या," मी म्हणालो. काम संपलं होतं. उद्या मी येणार नव्हतो, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

स्टँडवर यवतमाळच्या गाडीला वेळ होता. तिथं रंगीत दिव्यांचं वजनाचं मशीन आहे. का कोण जाणे, चढलो. माझं वजन पंचावन्न, कॉलेजपासून तेवढंच. नाणं टाकलं. दिवे फिरले, तिकीट पडलं. एकशे पंधरा.

मशीनमध्ये खोट आहे, असं ओठांवर आलं होतं. पण तंबाखूचा वास आला आणि शब्द तोंडातच राहिले.

काल यवतमाळच्या दवाखान्यात वजन केलं. आज धान्याच्या दुकानात. एकशे पंधराच. आकडा बरोबर आला की वामनराव उतरतात. दिग्रसला जाणारी पहिली गाडी आज सकाळीही माझ्या दारावरून गेली. मी चढलो नाही.